पिटो हीट लावली की ट्रान्सपॉन्डरवरची उंची जाते. सिरीयल लाइन कुठून तपासायला घेऊ?

पंखवेडी_ठाणे

नमस्कार मंडळी. मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून दोन आसनी विमान बांधतोय. पत्र्याचं नाही, फायबरग्लासचं. धड रबाळे एमआयडीसीतल्या गाळ्यात ट्रॉलीवर उभं आहे, पंख अजून लागायचेत. सध्या रोज संध्याकाळी ठाण्याहून तिकडे जायचं आणि पॅनेलमागच्या वायरिंगशी झुंजायचं, एवढंच चाललंय. २०१६ साली बीकेसीला मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात कॅप्टन अमोल यादव यांनी चारकोपच्या गच्चीवर बांधलेलं विमान पाहिलं, तेव्हापासून हे डोक्यात बसलंय. त्या विमानाला पुढे व्हीटी-एनएमडी अशी नोंदणी मिळाली, तेव्हा आमच्या घरी पेढे आणले होते.

आता अडलंय ते सांगते. पॅनेलमध्ये ईएफआयएस (मुख्य डिस्प्ले), जीपीएस नॅव्हिगेटर, मोड एस ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख आणि उंची कळवणारा) आणि ऑटोपायलट आहे. सगळे एकमेकांशी आरएस-२३२ वर, म्हणजे साध्या सिरीयल वायरींवर बोलतात. भानगडी दोन आहेत.

पहिली अशी की, ईएफआयएस प्रेशर अल्टिट्यूड ट्रान्सपॉन्डरला पाठवतो. आयकॅरस फॉरमॅट, ९६०० बॉड (डेटाचा वेग). मास्टर स्विच लावला की ट्रान्सपॉन्डरवर उंची बरोबर दिसते. पिटो हीट (वेग मोजणाऱ्या बाहेरच्या नळीचा हीटर) लावली की थोड्याच वेळात उंचीच्या जागी नुसत्या रेघा. पिटो हीट बंद केली की उंची परत हजर. बरं, दर वेळी होतं असंही नाही. कधीकधी पिटो हीट चालू असूनही उंची टिकून राहते, त्यामुळे तर आणखीच गोंधळ.

दुसरी भानगड जीपीएसची. त्याची एकच टीएक्स (पाठवणारी) वायर ईएफआयएस आणि ऑटोपायलट दोघांकडे गेलीय. ईएफआयएसला पोझिशन मिळते, ऑटोपायलट म्हणतो जीपीएस नाही.

हार्नेस (वायरींचं जुडगं) आणि ग्राउंडच्या वायरी एका व्यावसायिकाकडून तयार करून घेतल्यात. सेटअपची पानं इतक्या वेळा फिरवून झालीत की आता मूळ सेटिंग काय होतं तेच आठवत नाही. भाऊ म्हणतो ट्रान्सपॉन्डर खराब निघाला, परत पाठवू. मला ते पटत नाही. हात कुठून घालू?

कोपरीचा_सोल्डर

ताई, मी विमानवाला नाही, एम्बेडेडवाला आहे. पण सिरीयलची दुखणी सगळीकडे सारखीच. दोन्ही टोकांना बॉड रेट, डेटा बिट आणि पॅरिटी सारखी आहे का ते आधी बघा. दुसरं म्हणजे पिटो हीटची जाड वायर आणि सिरीयलची वायर एकाच जुडग्यातून गेल्यात का? नॉइज शिरत असणार. वायर वेगळ्या करा, शील्डवाली वायर टाका. टीएक्सवर फेराइट चढवून बघायलाही हरकत नाही.

निवृत्त_एव्हिओनिक्स_ऐरोली

ताई, मी उभी हयात विमानांच्या पॅनेलमागे डोकं घालून काढली, आता ऐरोलीत घरी असतो. ट्रान्सपॉन्डर परत पाठवू नका. तो बरा आहे. का ते सांगतो, पण त्याआधी दोन गोष्टी, त्या आजच करा.

एक. गाळ्यात ट्रान्सपॉन्डर एएलटी (उंची पाठवायच्या) मोडला टाकता तेव्हा अँटेना लावलेली असते का? तुम्ही रबाळ्यात आहात. मुंबईच्या २७ नंबरच्या धावपट्टीवर उतरणारी विमानं नवी मुंबईवरून खाडी ओलांडून घाटकोपरकडे जातात. तुमचा ट्रान्सपॉन्डर १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो आणि तेच उत्तर त्या विमानांतलं टीकॅस (टक्कर टाळणारी यंत्रणा) ऐकतं. गाळ्यातल्या चाचणीचा एक शब्दही त्या पायलटांच्या कानापर्यंत जाता कामा नये. अँटेनाची केबल काढा आणि तिथे ट्रान्सपॉन्डरची पॉवर झेपेल असा ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर पोटात घेणारा रेझिस्टर) लावा. अँटेनाही नाही आणि लोडही नाही अशा स्थितीत मात्र त्याला कधीही ट्रान्समिट करू देऊ नका, आउटपुट स्टेज जाईल.

दोन. जमिनीवर पिटो हीट लावून प्रयोग करत बसू नका. वारा नसला की ती नळी भाजण्याइतकी तापते आणि आतली तार जळू शकते. मोटारीच्या हेडलाइटचे १२ व्होल्ट ५५ वॉटचे दोन बल्ब घ्या, समांतर जोडा आणि पिटोच्याच प्लगवर लावा. दोन्ही मिळून ९ अँपिअरच्या आसपास ओढतील. करंट त्याच वायरीने जाईल आणि त्याच वायरीने परत येईल, म्हणजे लक्षण तेच राहील आणि पिटो वाचेल.

आता आजाराकडे येऊ. कोपरीकरांचं नॉइजचं म्हणणं इथे लागू पडत नाही. साधी पिटो हीट म्हणजे डीसीवर तापणारी तार. लावताना आणि बंद करताना क्षणभर ठिणगी उडेल, मधल्या वेळात ती गप्प असते. तुमची उंची तर पिटो हीट चालू असेपर्यंत जातेय. म्हणजे कारण स्विचच्या ठिणगीत नाही, सतत वाहणाऱ्या करंटमध्ये आहे. बॉड रेटही नाही, कारण तो चुकला असता तर उंची कधीच दिसली नसती. पिटो हीट लावल्यावर सेटिंग बदलत नसतं.

पत्र्याच्या विमानात सगळं अंगच ग्राउंड असतं. तुमचं फायबरचं. प्रत्येक अँपिअरला बॅटरीकडे परतायला स्वतंत्र वायर लागते. माझा अंदाज असा की तुमच्याकडे दोन ग्राउंड ब्लॉक आहेत, एक फायरवॉलवर (इंजिन आणि कॉकपिटमधल्या भिंतीवर) आणि एक पॅनेलखाली, आणि ईएफआयएस एकावर, ट्रान्सपॉन्डर दुसऱ्यावर बसलाय. पिटो हीटची परतीची वायर ट्रान्सपॉन्डरच्याच ब्लॉकवर असणार.

याचा सिरीयलशी संबंध कसा, ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. आरएस-२३२ हे १९६० सालचं स्टँडर्ड. ऐकणाऱ्याला -३ व्होल्टच्या खाली दिसलं तर एक, +३ च्या वर दिसलं तर शून्य, मधलं सगळं बेभरवशाचं. पण हे व्होल्ट मोजायचे कुठून? ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या ग्राउंडपासून. दोन विमानांत अल्टिमीटरला वेगवेगळं क्यूएनएच (हवेच्या दाबाचं सेटिंग) लावलं तर दोघं एकाच उंचीवर असूनही आकडे वेगळे दाखवतील, तसंच इथे आहे. ग्राउंड सरकलं की बोलणाऱ्याचे ५ व्होल्ट ऐकणाऱ्याला ५ दिसत नाहीत.

आता हिशोब करा. विमानातली बरीच उपकरणं पूर्ण अधिक-उणे व्होल्ट देत नाहीत, ० ते ५ व्होल्टवरच भागवतात. स्टँडर्डप्रमाणे ते बसत नाही, पण ऐकणाऱ्या चिपचा प्रत्यक्षातला उंबरठा दीड-दोन व्होल्टच्या आसपास असतो, म्हणून निभावतं. तुमचा ईएफआयएस तसा असेल आणि पॅनेलखालच्या ब्लॉकच्या वायरीत कुठे ०.२ ओहमचा सांधा असेल, तर ९ अँपिअरला १.८ व्होल्ट पडतात. म्हणजे तो ब्लॉक तेवढा वर उचलला जातो. ट्रान्सपॉन्डरला आता ० ते ५ च्या जागी -१.८ ते +३.२ दिसतं. स्टँडर्डच्या +३ च्या जेमतेम वर, आणि सांधा जरा आणखी बिघडला की त्याच्याही खाली. कधी लागतं, कधी लागत नाही. तुमचं ‘दर वेळी होत नाही’ इथे बरोबर बसतं.

अंदाजावर काही बदलू नका, आधी मोजा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून ग्राउंड तपासू नका. ०.२ ओहम तर प्रोबच्या वायरींचाच असतो, साध्या मीटरला तो फरक कळत नाही. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक प्रोब ट्रान्सपॉन्डरच्या ग्राउंड पिनवर, दुसरा ईएफआयएसच्या ग्राउंड पिनवर. बल्ब बंद असताना आकडा लिहा, लावल्यावर लिहा. फरक मिलिव्होल्टांत असेल तर माझं म्हणणं चूक, मग दुसरीकडे शोधू. व्होल्टांत असेल तर एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर ठेवा आणि दुसरा एकेका सांध्यावर सरकवत या. आकडा जिथे उडी मारेल तो सांधा पकडा.

त्याच वेळी ईएफआयएसच्या टीएक्स पिनवर, समोरचा प्लग काढून, गप्प असतानाचे व्होल्ट बघा. -५ ते -१५ च्या मध्ये कुठे असेल तर खरं आरएस-२३२. शून्याच्या आसपास असेल आणि मध्येमध्ये हलत असेल तर ० ते ५ वालं.

जीपीएसचं ऑटोपायलटशी का जमत नाही, ते वेगळं प्रकरण आहे. एका टीएक्सवर दोन ऐकणारे चालतात, पण दोघांना एकच भाषा ऐकू जाते. जीपीएस एव्हिएशन फॉरमॅट बोलत असेल आणि ऑटोपायलटला एनएमईए (जीपीएसचा दुसरा फॉरमॅट) हवं असेल, तर वायर कितीही चांगली असो, उपयोग नाही. एनएमईए ०१८३ हे मुळात बोटींसाठी १९८३ साली आलेलं, मूळ वेग ४८०० बॉड. एव्हिएशन फॉरमॅट बहुधा ९६०० वर असतो. लॅपटॉप लावून डोळ्यांनी बघा. त्यासाठी यूएसबी ते आरएस-२३२ कन्व्हर्टर हवा, नऊ पिनच्या डी कनेक्टरवाला. हॉबीवाल्यांचा टीटीएल कन्व्हर्टर नको, त्याचं लॉजिक उलटं असतं, नुसता कचरा दिसेल. आधी कन्व्हर्टरच्या २ आणि ३ नंबरच्या पिना एकमेकींना जोडा आणि कळफलकावर काहीतरी टाइप करा. टाइप केलेलं स्क्रीनवर परत आलं तर कन्व्हर्टर शाबूत. मग २ नंबरला जीपीएसची टीएक्स, ५ नंबरला त्याचं ग्राउंड. ओळी डॉलरच्या खुणेने सुरू झाल्या तर एनएमईए. झेड, मग ए, मग बी अशा एकेका अक्षराने सुरू होत असतील आणि ए च्या ओळीत आपला १९ अंश अक्षांश दिसला तर एव्हिएशन फॉरमॅट.

कोपरीचा_सोल्डर

काका, करंटचा हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता, एकदम पटला. फक्त एक विचारतो. गाळ्याला पत्र्याचं छप्पर असेल तर जीपीएसला उपग्रह दिसणारच नाहीत. मग लॅपटॉपवर काय दिसणार?

निवृत्त_एव्हिओनिक्स_ऐरोली

फिक्स नसला, म्हणजे उपग्रहांवरून जागा कळली नसली, तरी ओळी येत राहतात. एनएमईएच्या आरएमसी वाक्यात स्थितीचं एक अक्षर असतं, फिक्स असेल तर ए, नसेल तर व्ही. व्ही दिसतंय याचा अर्थ वायर, वेग, फॉरमॅट सगळं बरोबर आहे, फक्त आकाश दिसत नाही. पुष्कळ जण इथेच फसतात आणि चांगली वायर उपटून टाकतात. अँटेना लांब केबलने गाळ्याच्या दारात आणून ठेवा.

पंखवेडी_ठाणे

काका, तुमचं पहिलं वाचल्या वाचल्या गाळ्यात गेलो आणि अँटेनाची केबल काढली. डमी लोड लॅमिंग्टन रोडवर मिळाला. तो लावेपर्यंत ट्रान्सपॉन्डरचा सर्किट ब्रेकर बाहेर ओढून ठेवला होता.

आता आकडे. दोन ग्राउंड ब्लॉक आहेत, तुम्ही म्हणालात तसेच. ईएफआयएस फायरवॉलच्या ब्लॉकवर, ट्रान्सपॉन्डर आणि पिटो हीटची परतीची वायर पॅनेलखालच्या ब्लॉकवर. दोन्हींच्या ग्राउंडमधला फरक, बल्ब बंद असताना ०.०६ व्होल्ट. बल्ब लावल्यावर १.९ व्होल्ट, आणि वायरीला हात लावला की आकडा १.४ ते २.३ असा नाचतो. ईएफआयएसच्या टीएक्सवर गप्प असताना शून्य. मॅन्युअलच्या शेवटच्या पानांत बारीक अक्षरात ० ते ५ व्होल्ट असं लिहिलेलं सापडलं.

सांधे एकेक करून तपासत गेले. उडी पॅनेलखालच्या ब्लॉककडून फायरवॉलकडे जाणाऱ्या जाड वायरीच्या लगवर (टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या जोडावर) मिळाली. बाहेरून लग सुरेख दिसतो, वर लाल हीटश्रिंक, ओढली तरी वायर निघत नाही. हीटश्रिंक कापली, तर लगच्या नळीत वायरीवरचं पांढरं इन्सुलेशन जवळजवळ टोकापर्यंत आत गेलेलं. क्रिंप, म्हणजे लग दाबायचा तो दाब, इन्सुलेशनवर बसला होता. तांब्याच्या थोड्याशा तारा पुढे डोकावून नळीच्या कडेला टेकल्या होत्या, त्यांच्यावरच सगळा करंट चालला होता. त्या जागी प्लॅस्टिक थोडं पिवळं पडलेलं दिसतंय. भावाने भिंगाखाली बघितलं आणि ट्रान्सपॉन्डरचं खोकं परत माळ्यावर ठेवून दिलं.

जीपीएसचं पण कळलं. लॅपटॉपवर झेड, ए, बी अशाच ओळी. ऑटोपायलटच्या मॅन्युअलमध्ये फक्त एनएमईए, ४८०० किंवा ९६००. म्हणजे तो बिचारा बरोबरच सांगत होता. आमच्या नॅव्हिगेटरमध्ये त्या आउटपुटवर एनएमईए निवडायची सोयच नाही. पण ईएफआयएसचा तिसरा पोर्ट मोकळा आहे आणि त्यावर एनएमईए बाहेर पाठवता येतं. तिथून ऑटोपायलटला दिलं तर चालेल का?

निवृत्त_एव्हिओनिक्स_ऐरोली

फार बरं वाटलं वाचून. डोळ्यांना चांगला दिसणारा क्रिंप असाच फसवतो. त्याच व्यावसायिकाने केलेले बाकीचे जाड लगही हीटश्रिंक कापून बघा, विशेषतः अल्टरनेटर, स्टार्टर आणि मुख्य ग्राउंडचे. करंट चालू ठेवून प्रत्येक सांध्यावरचा व्होल्टेज ड्रॉप मोजा आणि वहीत लिहा. पिवळं पडलेलं प्लॅस्टिक म्हणजे तिथे उष्णता झालीय. हवेत असताना तिथून धूर आला असता तर सिरीयलचा प्रश्न कुणाला आठवला नसता.

लग नवा बसवाल तेव्हाच दुसरंही करा. ट्रान्सपॉन्डर आणि ईएफआयएस, दोघांचं ग्राउंड एकाच ब्लॉकवर घ्या आणि पिटो हीटची परतीची वायर तिथून काढून थेट फायरवॉलच्या मुख्य ग्राउंडवर न्या. नुसता लग बदललात तरी आज चालेल. पण पाच-सात पावसाळ्यांनंतर खाडीच्या हवेत एखादा सांधा परत सैल होईल, तेव्हा त्याचा त्रास उंचीच्या डेटाला होता कामा नये. ० ते ५ वाल्या पोर्टला चूक पोटात घालायला जागाच कमी असते.

ऑटोपायलटला ईएफआयएसकडून एनएमईए दिलं तर चालेल, पण परिणाम माहीत असू द्या. ईएफआयएस बंद पडला की ऑटोपायलटचं जीपीएसही गेलं. डिस्प्ले काळा पडला त्या क्षणी ऑटोपायलटने ट्रॅक धरून ठेवावा असं तुम्हाला वाटत असेल, तर ऑटोपायलटला स्वतःचा छोटा एनएमईए जीपीएस द्या. मी असतो तर तसंच केलं असतं. नेमका तोच क्षण असा असतो की पायलटला दोन हात कमी पडतात. निर्णय तुमचा.

कुठलाही मार्ग घ्या, जुनी वायर मात्र ऑटोपायलटच्या आरएक्सवरून (ऐकणाऱ्या पिनवरून) काढा. नुसती नवी जोडू नका. एका टीएक्सला दोन ऐकणारे चालतात, एका आरएक्सला दोन बोलणारे कधीच नाही. त्यात फसवं असं की दोन्ही टीएक्स गप्प असताना मीटरवर सगळं ठीक दिसतं. बोलायला लागले की एकमेकांचे व्होल्ट ओढतात आणि दोघांचंही बोलणं वाया जातं.

जुईनगर_उड्डाण

मी अजून हार्नेसपर्यंत पोचलो नाही, म्हणून आत्ताच विचारून ठेवतो. शील्ड दोन्ही टोकांना ग्राउंड करायची की एका? आणि डी-सब कनेक्टरच्या पिना मोजताना माझा दर वेळी गोंधळ होतो.

निवृत्त_एव्हिओनिक्स_ऐरोली

शील्डचं त्या त्या उपकरणाच्या इन्स्टॉलेशन मॅन्युअलमध्ये असेल तसंच करा. त्यात काही सांगितलं नसेल तर एका टोकाला. पण शील्डला सिग्नलचं ग्राउंड म्हणून कधी वापरू नका. ग्राउंडसाठी जोडीला वेगळी वायर टाका. ताईंच्या विमानासारखं ग्राउंड सरकलं आणि शील्ड दोन्ही टोकांना बांधलेली असली, तर पिटो हीटचा करंट त्या केसासारख्या शील्डमधून वाट काढायला बघतो.

डी-सबचे आकडे प्लॅस्टिकवरच कोरलेले असतात, पुढच्या आणि मागच्या दोन्ही बाजूंना. मागून, म्हणजे वायर शिरते त्या बाजूने बघितलं की क्रम आरशातल्यासारखा उलटा दिसतो, त्यामुळे चित्रावरून मोजू नका. मोबाइलचा कॅमेरा झूम करून कोरलेला आकडा वाचा आणि मगच पिन आत ढकला. टक् असा आवाज आला पाहिजे, मग वायर हलकेच ओढून बघा. मशीन केलेल्या पिना घ्या आणि चार बाजूंनी दाबणारं क्रिंपर वापरा. ते महाग असतं, पण हार्नेस पुरा होईपर्यंत कुणाकडून तरी मागून आणता येतं. माझं घरी पडून आहे. ऐरोलीला येऊन घेऊन जा, काम झालं की आणून द्या.

पंखवेडी_ठाणे

नवा लग बसवला, ग्राउंड हलवले, बल्ब लावून मोजलं. दोन्ही उपकरणांच्या ग्राउंडमध्ये आता ४ मिलिव्होल्टचा फरक आहे आणि ट्रान्सपॉन्डरवरची उंची अजिबात हलत नाही. ऑटोपायलटसाठी वेगळा जीपीएस घ्यायचं ठरवलंय. जुनी वायर त्याच्या प्लगमधून काढून, टोकाला हीटश्रिंक चढवून, ‘जीपीएस टीएक्स, वापरात नाही’ अशी चिठ्ठी लावली आणि नकाशातही तसं लिहिलं.

काका, अल्टरनेटरचा लग कापून बघितला. तिथेही इन्सुलेशन नळीच्या आत गेलेलं आहे, पॅनेलखालच्यापेक्षा कमी, पण आहे. सगळे जाड लग नव्याने करतोय. जुईनगरकरांचं काम झालं की क्रिंपर आम्हाला मिळेल का?

निवृत्त_एव्हिओनिक्स_ऐरोली

क्रिंपर मिळेल, पण ते डी-सबच्या पिनांचं, जाड लगना चालणार नाही. त्यांच्यासाठी हायड्रॉलिक क्रिंपर लागेल, वायरीच्या मापाच्या डायसकट (दाबणाऱ्या साच्यासकट). रबाळ्यातच कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्यांचे गाळे आहेत, त्यांच्याकडे ते रोज वापरात असतं. वायर आणि लग घेऊन जा, आधी एक लग नमुन्यादाखल दाबून घ्या आणि तो करवतीने मधोमध कापून बघा. तारा एकमेकींत घट्ट दबून एकसंध तांबं दिसलं तर बाकीचे करून घ्या. मध्ये काळ्या फटी दिसल्या तर डाय चुकीची आहे, तिथेच थांबा.